ठराव झाल्यानंतरचं भाषण: मिटिलीनीच्या वादाचा प्रकरण अभ्यास

सभेने निर्णय घेतला आहे. बहुमत विरुद्ध गेलं आहे, हुकूम घेऊन माणसं रवानाही झाली आहेत. आता त्याच लोकांसमोर उभं राहून त्यांनीच काल केलेला ठराव त्यांच्याच हातून फिरवायचा आहे. इ.स.पू. ४२७ मध्ये अथेन्सच्या सभेत डायोडोटस नावाच्या एका नागरिकावर ही वेळ आली, आणि त्याचं भाषण थोडक्या मतांनी का होईना, जिंकलं. इतिहासात हा माणूस या एका प्रसंगापुरताच दिसतो. त्याने काय बोलायचं ठरवलं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय बोलायचं टाळलं, हे नीट पाहिलं तर मन वळवण्याच्या कलेचा निम्मा अभ्यासक्रम यात सापडतो.

प्रसंग

लेस्बॉस बेटावरचं मिटिलीनी हे अथेन्सचं मित्रनगर होतं. बाकीची बहुतेक मित्रनगरं अथेन्सला खंडणी भरत. मिटिलीनीकडे मात्र स्वतःचं आरमार आणि स्वतःचा कारभार होता. ४२८ मध्ये त्याने बंड केलं. अथेन्स तेव्हा स्पार्टाशी लढत होतं, रोगाच्या साथीने खिळखिळं झालं होतं, त्याचा बडा नेता पेरिक्लीज आदल्याच वर्षी गेला होता. सगळ्यांत जास्त सवलती ज्याला दिल्या त्यानेच दगा दिला, आणि त्याच्या मदतीला शत्रूचं आरमार थेट आयोनियाच्या, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानच्या, किनाऱ्यापर्यंत आलं, याचा संताप लोकांच्या डोक्यात होता. शिवाय खिशाला चाट बसली होती ती वेगळीच. वेढ्याच्या खर्चासाठी अथेन्सच्या नागरिकांनी ४२८-२७ च्या हिवाळ्यात स्वतःवर २०० टॅलेंटचा (टॅलेंट म्हणजे चांदीचं एक मोठं माप) खास कर बसवून घेतला होता.

वेढ्यात मिटिलीनीचं धान्य संपत आलं. स्पार्टाहून आलेल्या सालीथस या अधिकाऱ्याने शेवटचा हल्ला करण्यासाठी सामान्य लोकांच्या हाती जड शस्त्रं दिली. शस्त्र हाती येताच त्यांनी हुकूम मानायचं सोडलं आणि बजावलं, की दडवलेलं धान्य सगळ्यांत वाटा, नाहीतर आम्हीच अथेन्सशी बोलणी करून शहर त्यांच्या ताब्यात देतो. तेव्हा कुठे सत्ताधारी शरण आले. हा तपशील लक्षात ठेवावा, भाषणात तो पुढे कामाला येतो.

अथेन्सच्या सभेने रागाच्या भरात ठरवलं, की मिटिलीनीच्या सगळ्या प्रौढ पुरुषांना ठार मारायचं, बायका-मुलांना गुलाम करायचं. सेनापती पाखीजकडे हुकूम घेऊन युद्धनौका निघाली. दुसऱ्या दिवशी लोकांचा राग ओसरला आणि टोचणी लागली, की दोषींबरोबर अख्खं शहर कापून काढणं जरा अतीच झालं. अथेन्समध्ये आलेल्या मिटिलीनीच्या दूतांनी आणि त्यांची बाजू घेणाऱ्या नागरिकांनी अधिकाऱ्यांना गाठून विषय पुन्हा सभेपुढे आणवला. अधिकाऱ्यांनी फारशी खळखळ केली नाही, कारण बहुतेकांना फेरविचार हवा आहे हे त्यांनाही दिसत होतं.

आदल्या दिवशी या ठरावाला सर्वांत ठामपणे विरोध करणाराही डायोडोटसच होता, आणि तेव्हा तो हरला होता. म्हणजे वक्ता तोच, सभा तीच, विषयही तोच. मधे गेली ती फक्त एक रात्र. ग्रीक वक्तृत्वशास्त्रात योग्य वेळेसाठी ‘कैरॉस’ असा खास शब्द आहे. तापलेल्या सभेत चांगला युक्तिवादही वाया जातो. अशा वेळी विषय पुन्हा कधी आणि कोणामार्फत मांडता येईल याची व्यवस्था करणं, हा भाषणाच्या तयारीचाच भाग असतो.

एक खुलासा इथेच करायला हवा. ही भाषणं आपल्याला त्या काळचा अथेन्सचा इतिहासकार थ्युसिडिडीज याच्या ग्रंथात मिळतात. तो स्वतःच सांगतो, की शब्दन्‌शब्द नोंदवणं शक्य नव्हतं, म्हणून बोलल्या गेलेल्याचा एकूण रोख धरून प्रसंगाला साजेसं लिहिलं आहे. त्यामुळे इथे अभ्यास करायचा तो रचनेचा. पुढे दिलेली वाक्यं भावार्थाने घ्यावीत.

क्लिऑनने लावलेले अडसर

आधी बोलला क्लिऑन. पहिला ठराव त्यानेच मंजूर करून घेतला होता. थ्युसिडिडीज त्याला सर्वांत आक्रमक आणि त्या काळी लोकांवर सर्वाधिक छाप असलेला नागरिक म्हणतो. त्याचं भाषण क्रूर आहे, पण कच्चं मुळीच नाही. त्याने नंतर येणाऱ्या वक्त्याच्या वाटा एकेक करून बंद केल्या.

पहिली वाट फेरविचाराची. कायदे सुमार असले तरी चालतील, पण ते पक्के हवेत. रोज मत बदलणाऱ्यांना साम्राज्य चालवता येत नाही. म्हणजे नुसतं ‘पुन्हा विचार करू या’ म्हणणाराही दुबळा ठरला.

दुसरी वाट विश्वासाची. माझ्याविरुद्ध जो बोलेल तो एकतर स्वतःच्या वाक्चातुर्यावर भाळलेला असेल, नाहीतर पैसे खाऊन आलेला असेल. विरोधकाने तोंड उघडण्याआधीच त्याच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवून झाली. याच ओघात तो श्रोत्यांनाही फटकारतो: तुम्ही भाषणं बघायला येता आणि कृती ऐकायला. वक्तृत्वाला शिव्या घालणारं हे वाक्यच किती घोटून घडवलेलं आहे!

तिसरी वाट भावनेची. साम्राज्याला तीन गोष्टी मारक आहेत, असं त्याने बजावलं: दया, गोड भाषणांची चटक आणि उदारपणा. शेवटी त्याने लोकांना आदल्या दिवसाच्या रागाकडे परत नेलं. त्यांनी दगा दिला त्या क्षणी तुम्हाला काय वाटलं होतं ते आठवा, आणि तसंच वागा.

बहुतेक वक्ते इथे काय करतील? निष्पाप लोकांची, लेकराबाळांची आठवण करून देतील. भावना खरी आहे, सभेत ती आहेही. पण क्लिऑनने तिच्यावर आधीच ‘दुबळेपणा’ असं लिहून ठेवलं आहे. दयेची हाक दिली, की प्रत्येक श्रोत्याला हात वर करताना शेजाऱ्यासमोर कबूल करावं लागणार, की मी नरम पडलो. खाजगीत हळहळणारी माणसंही उघड मतदानात असं करायला कचरतात, आणि अथेन्सची सभा मत देत होती ती हात वर करून.

क्लिऑनच्या बंदोबस्तात एक फट मात्र राहिली. ही शिक्षा न्याय्यही आहे आणि फायद्याचीही आहे, असे दोन दावे त्याने एका दमात केले. न्यायावर तो भरपूर बोलला, पण फायदा त्याने जवळपास गृहीतच धरला: जबर शिक्षा केली की बाकीच्यांना धाक बसेल. डायोडोटस शिरला तो इथूनच.

प्रश्न बदलणं

थ्युसिडिडीजच्या ग्रंथातल्या आजच्या विभागणीप्रमाणे डायोडोटसचं भाषण सात छोट्या प्रकरणांचं आहे. पहिल्या दोनांत तो मिटिलीनीबद्दल काहीच बोलत नाही. वाचताना हे लांबण वाटतं, पण ‘विकला गेलेला’ ही चिठ्ठी पाठीवर असताना कुठलाही युक्तिवाद कानापर्यंत पोचत नाही, ती आधी काढावीच लागते. ती तो कशी काढतो ते पाहण्यासारखं आहे. ‘मी प्रामाणिक आहे’ असं तो एकदाही म्हणत नाही. आरोपाने नुकसान कोणाचं होतं एवढं दाखवतो. ज्याच्यावर लाच खाल्ल्याचा संशय घेतला, तो जिंकला तरी संशयित राहतो आणि हरला तर मूर्खही ठरतो आणि लबाडही. मग सल्ला द्यायला पुढे येणार कोण? तोटा शहराचा. खुलासा देत बसलं असतं तर भाषण त्याच्याविषयी झालं असतं. इथे ते शहराविषयीच राहिलं.

अगदी सुरुवातीलाच तो आणखी एक खुंटी ठोकून ठेवतो. चांगल्या निर्णयाचे दोन शत्रू, घाई आणि राग. आदल्या दिवसाच्या सभेला नाव न घेता नाव मिळालं, आणि ‘तुमचं चुकलं’ असं कोणाला म्हणावं लागलं नाही.

मग येतो भाषणाचा कणा. तो म्हणतो, मी मिटिलीनीच्या बचावासाठी उभा नाही, त्यांच्यावर आरोप करायलाही नाही. ते कितीही दोषी ठरले, तरी मारणं आपल्या हिताचं नसेल तर मी ‘मारा’ म्हणणार नाही. आणि ते क्षमेला पात्र ठरले, तरी शहराचं भलं होत नसेल तर ‘सोडा’ म्हणणार नाही. आपण इथे खटला चालवत नाही आहोत, त्यांचं काय केलं तर आपल्या उपयोगाचं ठरेल, एवढाच विचार करतो आहोत.

या वाक्यांकडे जरा जवळून पाहू. पहिला अर्धा भाग कोणालाही सुचेल: ‘दोषी असले तरी मारू नका.’ वजन आहे ते दुसऱ्या अर्ध्या भागात. क्षमापात्र असले तरी केवळ तेवढ्यासाठी मी सोडणार नाही, असं म्हणून त्याने स्वतःच्या बाजूचा एक हुकमी पत्ता सगळ्यांदेखत फाडून टाकला. ऐकणाऱ्याला वाटतं, हा मिटिलीनीचा वकील असता तर असं बोलला नसता. लाचेच्या आरोपाला खरं उत्तर मिळालं ते इथे. पडतं घ्यायचं तर दोन्ही बाजूंनी घ्यावं लागतं. समोरच्याचा मुद्दा मान्य करून थांबलं, तर तो निव्वळ शिष्टाचार वाटतो.

पुढे सुमारे शंभर वर्षांनी अ‍ॅरिस्टॉटलने भाषणांचे तीन प्रकार सांगितले. न्यायालयातलं भाषण झालेल्या गोष्टींबद्दल असतं आणि न्याय-अन्याय तोलतं. सभेतलं भाषण पुढच्या गोष्टींबद्दल असतं आणि हित-अहित तोलतं. समारंभातलं भाषण गौरव किंवा निंदा करतं. क्लिऑनने सभेत न्यायालय भरवलं होतं. डायोडोटसने त्यावर निकाल मागितलाच नाही, न्यायालयच बरखास्त केलं. ‘ते दोषी आहेत का?’ या प्रश्नावर तो हरणार होता, कारण उत्तर बऱ्याच अंशी ‘हो’ असंच होतं. ‘आता आपल्याला परवडेल काय?’ या प्रश्नावर सभेचं मन अजून बनलेलं नव्हतं. इ.स.पू. दुसऱ्या शतकात हर्मॅगोरस या ग्रीक वक्तृत्वशिक्षकाने वादाचा मुद्दा नेमका कुठे आहे हे ठरवण्याची पद्धतशीर चौकट बांधली: घडलं की नाही, जे घडलं त्याला म्हणायचं काय, ते कितपत योग्य होतं, आणि ते ठरवण्याची ही जागा आहे का. भाषण लिहायला बसण्याआधी या चार प्रश्नांवरून एकदा बोट फिरवावं. बहुतेक पडलेली भाषणं चुकीच्या प्रश्नावर चोख उत्तर देत असतात.

हिशोब

प्रश्न बदलल्यावर युक्तिवाद लागतो. त्यातला पहिला टप्पा मला सगळ्यांत कमकुवत वाटतो. माणसं आशेपोटी आणि हव्यासापोटी गुन्हे करतात, शिक्षा वाढत वाढत मृत्युदंडापर्यंत गेल्या तरी गुन्हे थांबले नाहीत, असं तो म्हणतो. विचार म्हणून हे खोल आहे, पण सभेत धोक्याचं. कोणी उठून विचारलं असतं, की शिक्षेने धाकच बसत नसेल तर म्होरक्यांना तरी कशाला शिक्षा, तर पंचाईत झाली असती. व्यापक सिद्धान्ताची हीच अडचण असते, तो आपल्याच ठरावालाही लागू पडतो.

तो तिथे रेंगाळला नाही हे बरं. पुढचा टप्पा भक्कम आहे, कारण त्यात तत्त्वज्ञान नाही, फक्त एक साखळी आहे. उद्या दुसरं एखादं शहर बंड करेल. बंड फसतंय असं त्याच्या लक्षात येईल. आज असं शहर वेळेत तडजोड करतं, युद्धाचा खर्च भरून देण्याची ताकद शिल्लक असताना शरण येतं आणि पुढे खंडणीही भरतं. लवकर शरण आलं काय आणि उशिरा काय, शिक्षा एकच, असा नियम आपण केला, तर कोण शरण येईल? प्रत्येक शहर जास्त तयारी करून उठेल आणि शेवटच्या माणसापर्यंत लढेल. आपल्या पदरात काय पडेल? लांबलेल्या वेढ्याचा खर्च, हाती येणारं उजाड शहर, आणि त्या शहराची कायमची बुडालेली खंडणी.

या साखळीत शत्रूच्या चांगुलपणावर काहीच अवलंबून नाही. तिकडचा प्रत्येक जण स्वार्थी आहे असं धरलं तरी निष्कर्ष तोच निघतो, म्हणून संशयी श्रोत्यालाही ती पटते. समोर बसलेल्यांनी काही महिन्यांपूर्वी २०० टॅलेंटचा कर भरला होता. भाषणात त्या कराचा उल्लेख नाही आणि तो नसणंच योग्य होतं. ‘वेढ्याचा खर्च’ एवढे शब्द पुरेसे होते, आकडा श्रोत्यांच्या खिशात होता. ऐकणाऱ्याने शेवटची बेरीज स्वतः केली, की ती त्याची होते. वक्त्याने करून दिली, की तो तपासत बसतो.

मग सामान्य लोकांचा मुद्दा. सगळ्या शहरांतली जनता आज आपल्या बाजूची आहे, मिटिलीनीतही तिने शस्त्र हाती येताच शहर आपल्या हवाली केलं. तिला मारलं, तर उद्या कुठेही बंड झालं तरी तिथली जनता पहिल्या दिवसापासून म्होरक्यांच्या पाठीशी उभी राहील. मुद्दा जोरदार आहे, पण इथे त्याने वस्तुस्थितीला थोडी कल्हई केली आहे. त्या लोकांनी भुकेपोटी धान्य मागितलं होतं आणि शहर देण्याची धमकी दिली होती. तह प्रत्यक्षात केला तो सत्ताधाऱ्यांनी. क्लिऑनला उत्तराची संधी असती, तर त्याने इथेच बोट ठेवलं असतं. डायोडोटसला ही फट दिसत असावी, कारण लगेच तो म्हणतो, की ते दोषी असले तरी नसल्यासारखंच दाखवा. तथ्य कोसळलं तरी निष्कर्ष उभा राहावा, अशी ही तजवीज.

शेवटी तो पुन्हा क्लिऑनच्या तिसऱ्या अडसराकडे येतो. दयेला आणि उदारपणाला जास्त वजन देऊ नका, मीही तसं सांगत नाही. सभेत दया होती म्हणून तर सभा भरली होती. ती जागवायची गरजच नव्हती. तिला चारचौघांत मिरवता येईल असं कारण हवं होतं आणि ते त्याने पुरवलं. कठोर राहूनही लोकांना हात वर करता आला.

त्याने मागितलं ते अगदी मोजकं. पाखीजने दोषी म्हणून पाठवलेल्यांचा शांतपणे निवाडा करा, बाकीच्यांना राहू द्या. माफी नाही, तह नाही, साम्राज्याच्या धोरणात बदल नाही. ठराव जितका लहान, तितकी त्याला ‘हो’ म्हणताना कमी चुका कबूल कराव्या लागतात.

हीच रचना वापरताना

आठ मिनिटांचं भाषण धरलं, तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्दांच्या गतीने आठशे ते हजार शब्द हाती येतात. त्यातली दोन मिनिटं आरोप निवळण्यात गेली तर जाऊ द्यावीत; मात्र आरोप झालाच नसेल तर त्याचा खुलासाही करू नये, तो आपणच जन्माला घातल्यासारखं होतं. प्रश्न बदलायला एक मिनिट पुरतं. ते वाक्य पाठ हवं, वाचून दाखवलं तर पडतं. चार मिनिटं एकाच साखळीला द्यावीत आणि तिच्यात तीन-चारच कड्या ठेवाव्यात. एक कमकुवत जादा मुद्दा घातला, की विरोधक नेमका तोच धरतो आणि बाकीचं विसरलं जातं. उरलेल्या मिनिटात ठराव, एकदाच आणि लिहून घेता येईल इतक्या स्पष्ट शब्दांत.

फसतं ते बहुतेकदा प्रश्न बदलण्याच्या जागी. श्रोत्यांच्या रागाची दखल न घेता थेट ‘फायद्याचं बोलू’ म्हटलं, तर ते विषय टाळणं वाटतं. डायोडोटसने दोषाचा मुद्दा नाकारला नाही. तो खरा धरूनच बाजूला ठेवला. दुसरी चूक म्हणजे हिताचा युक्तिवाद जमत असताना शेवटच्या मिनिटाला मोह आवरत नाही आणि वक्ता गहिवरतो. मग आधीचा सगळा हिशोब मुखवटा ठरतो.

निकाल आणि किंमत

हात वर झाले तेव्हा दोन्ही बाजू जवळपास बरोबरीत होत्या. डायोडोटसची सरशी झाली. लगेच दुसरी नौका निघाली. पहिलीला सुमारे एक दिवस आणि एक रात्र आघाडी मिळाली होती. दूतांनी वल्हेकऱ्यांना दारू आणि सातूचं पीठ दिलं, वेळेत पोचलात तर मोठं बक्षीस कबूल केलं. वल्ही मारता मारताच ते दारू-तेलात कालवलेलं पीठ खात होते, पाळीपाळीने झोपत होते. पहिल्या नौकेला तसल्या कामगिरीवर जायची घाई नव्हती. पाखीजने हुकूम वाचला होता आणि अंमल सुरू होणार, इतक्यात दुसरी नौका बंदराला लागली.

शहर वाचलं, पण पाखीजने अथेन्सला पाठवलेल्यांना क्लिऑनच्या ठरावावरून ठार करण्यात आलं. थ्युसिडिडीज त्यांचा आकडा हजाराहून थोडा जास्त देतो. ‘शांतपणे निवाडा’ हे शब्द त्यांना वाचवू शकले नाहीत. भाषणाने न्यायाचा प्रश्नच बाजूला ठेवला होता, त्यामुळे या लोकांसाठी तो परत मांडायला आधार उरला नव्हता. तटबंदी पाडली गेली, जहाजं जप्त झाली. मिथिम्ना शहराची सोडून बेटावरच्या बाकी जमिनीचे ३००० वाटे झाले. ३०० देवांच्या नावे, उरलेले अथेन्सहून धाडलेल्या नागरिकांना.

हित-अहिताच्या तराजूत पारडं दुसऱ्या बाजूलाही झुकतं. ४२१ मध्ये स्किओनी हे बंडखोर शहर पडलं तेव्हा अथेन्सने तिथल्या प्रौढ पुरुषांना मारलं आणि बायका-मुलांना गुलाम केलं. तो ठरावही आधी क्लिऑननेच मंजूर करून घेतलेला होता. ४१६ मध्ये मेलॉस बेटावर बोलणी करायला गेलेल्या अथेन्सच्या दूतांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, की न्यायाची भाषा नको, शक्य काय आणि हिताचं काय तेवढंच बोलू. त्या हिवाळ्यात मेलॉस शरण आलं. तिथेही पुरुषांना मारलं, बायका-मुलांना विकलं, आणि या वेळी मागून दुसरी नौका आली नाही.